पेठेतली गुरांची डॉक्टर

पुण्यात काय शिकता येत नाही, असं एखाद्या पुणेकराला विचारून बघा. तो आधी तुमच्याकडे दयेने बघेल आणि मग यादी म्हणून दाखवेल. कायदा, वैद्यक, सिनेमा, संस्कृत, जर्मन, जपानी, युद्धशास्त्र. शेतीचं कॉलेज तर ऐन शिवाजीनगरात आहे. पण त्या शेतीतला बैल आजारी पडला तर त्याला बरं कसं करायचं, हे शिकवणारं सरकारी महाविद्यालय या शहरात नाही. त्यासाठी स्वारगेटहून एसटी पकडायची, कात्रज ओलांडायचं, खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर आयुष्याचा विचार करायचा, कापूरहोळ, सारोळा मागे टाकायचे आणि नीरेवरचा पूल पार करून पन्नासेक किलोमीटरवर सातारा जिल्ह्यात उतरायचं. गावाचं नाव शिरवळ. महाविद्यालय क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं, 1988 सालचं.

गंमत म्हणजे हे शास्त्र या देशात पहिल्यांदा आलं ते पुण्यातच. लष्कराने 1862 साली घोड्या-बैलांच्या उपचारांसाठी शाळा काढली ती इथे. ती देशातली पहिली मानतात. मुंबईला परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं 1886 साली, म्हणजे आपल्यानंतर तब्बल 24 वर्षांनी. हे आकडे पुणेकराने खिशात ठेवावेत, मुंबईकर भेटला की उपयोगी पडतात. पुढे 1889 साली सरकारने जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी ‘इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ काढली, तीही पुण्यात. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिथे जंतुशास्त्रज्ञ होते. आणि 1893 साली ती प्रयोगशाळा उचलून थेट कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. कारण अधिकृत आहे आणि पटण्यासारखंही आहे: बुळकांडीसारख्या भयंकर सांसर्गिक रोगाचे जंतू भरवस्तीपासून लांब ठेवायला हवेत. माझा मात्र वेगळा संशय आहे. प्रयोगशाळेत रोज संध्याकाळी फिरून परतणारी मंडळी डोकावत असणार आणि “साहेब, आमच्याकडे यावर एक खात्रीचा उपाय आहे” असं सांगत असणार. चार वर्षं साहेबाने सोसलं आणि मग साडेसात हजार फुटांवर निघून गेला. तिथे 1897 साली रॉबर्ट कॉख येऊन गेला. पुण्यात राहिला असता तर त्यालाही कुणीतरी दोन शब्द सुनावले असते.

आजही राज्याचं पशुसंवर्धन आयुक्तालय औंधला आहे आणि जनावरांच्या लसी बनवणारी सरकारी संस्थाही औंधलाच. म्हणजे महाराष्ट्रातल्या गाईगुरांची काळजी पुण्यातून वाहिली जाते, ती कशी वाहायची एवढं मात्र पुण्यात शिकवत नाहीत. शिकवायची गरज नसावी. इथे प्रत्येकाला ते येतंच.

हे सगळं मला कळायचं कारण आमची पुतणी. बारावीनंतर तिने ‘नीट’ दिली. या परीक्षेत 720 गुण असतात आणि घरातल्या प्रत्येकाने त्यातले किती पडायला हवे होते याचा स्वतंत्र अंदाज बांधलेला असतो. पुतणीला गुण चांगले पडले. त्यानंतर तिने जाहीर केलं की पशुवैद्यकाचा अर्ज ती आधी भरणार आहे, एमबीबीएसची यादी लागायची वाट न बघता. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या भावाने, तीनदा चष्मा पुसला. वहिनीने विचारलं, “कुणी काही बोललं का तुला?”

खरी अडचण अशी की या शिक्षणाचा रस्ता लोकांनी एकाच दिशेचा ठरवून ठेवलेला आहे. आधी एमबीबीएस. ते हुकलं तर दातांचं. ते हुकलं तर आयुर्वेद. या जिन्यावरून घरंगळत जो खाली पोचतो तो गुरांचा डॉक्टर, अशी आपली समजूत. त्यामुळे एखादी मुलगी खालच्या पायरीवर स्वतःहून येऊन उभी राहिली, तर वरचे सगळे तिच्या तब्येतीची चौकशी करतात. तळमजल्यावरच्या आप्पांनी तिला गाठून समजावलं, “असू दे. एक वर्ष कर तिथे. पुढच्या वर्षी परत नीट दे.” ती म्हणाली, “आप्पा, मला हेच करायचंय.” त्यावर आप्पा म्हणाले, “हो हो, तसंच म्हणायचं असतं.”

घरात एकटी आजी खूश होती. आजीचं माहेर सासवडकडचं, दारात सहा म्हशी. तिच्या लेखी जगात दोनच माणसांना उठून खुर्ची द्यायची: मास्तरांना आणि गुरांच्या डॉक्टरांना. “माणसाला दुखलं तर तो बोंबलतो तरी,” ती म्हणाली, “म्हस काय सांगणार? तिथं अक्कल लागते.” कौटुंबिक बैठकीत एवढं शास्त्रशुद्ध विधान दुसऱ्या कुणी केलं नाही.

अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा. साडेचार वर्षं शिकायचं आणि एक वर्ष इंटर्नशिप. हे ऐकून भाऊ म्हणाला, “म्हणजे डॉक्टरांएवढाच?” मग पुस्तकं बघून त्याचा आवाज आणखी बसला. एमबीबीएसवाल्यांना शरीररचना एका प्राण्याची शिकायची असते. इथे गाय-म्हैस पाया धरून घोडा, कुत्रा, डुक्कर, कोंबडी यांच्यात कुठे काय निराळं आहे ते पाठ करायचं. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे त्याचं पोट बिघडलं की जिवावर बेततं. मांजराला पॅरासिटामॉल विष. कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंश सेल्सियसच्या वर, म्हणजे आपल्याला जो भ्रमाचा ताप, ती तिची तब्येत ठणठणीत. आणि गाईला 32 दात असतात, माणसाला असतात तेवढेच, फक्त वरच्या जबड्यात पुढचा एकही नाही. हे कळल्यावर आजीने आरशात पाहिलं आणि म्हणाली, “मग माझं बरोबर चाललंय.”

पहिल्या वर्षी पुतणी सुट्टीला आली ती म्हशीच्या खांद्याचं हाड घेऊन. सोमवारी तोंडी परीक्षा होती. आमच्या घरात अंड्याला वेगळं पातेलं आहे आणि ते बाल्कनीत राहतं. तिथे हे चांगलं हातभर हाड टेबलावर आलं. वहिनी दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. आजीने ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं, “धुतलंय ना?” एवढंच विचारलं आणि “म्हस चांगली जोरकस होती” असा शेरा देऊन परत केलं. रविवारभर पुतणी ते हाड कुशीत घेऊन त्याचे उंचवटे आणि खळगे घोकत बसली होती. मधेच गॅसचं सिलिंडर घेऊन माणूस आला. तो काही बोलला नाही, पण पुढच्या महिन्यापासून सिलिंडर दाराबाहेर ठेवून जायला लागला.

दुसऱ्या वर्षापासून जेवणाची वेळ अवघड झाली. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. एकट्या कोटीपोटात दीडशे-दोनशे लिटर माल मावतो. त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव गवत आंबवत बसलेले असतात, त्याचा वायू होतो आणि तो ढेकरांवाटे सुटतो. तो सुटला नाही तर पोटफुगी होते, डावी कूस ढोलासारखी ताणते आणि वेळ पडली तर कुशीत नळी खुपसून हवा काढावी लागते. हे सगळं आम्हाला आमटी वाढता वाढता कळत गेलं. गाभण तपासायला खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून हात कुठून आणि कुठवर घालायचा, हे सांगायला ती लागली तेव्हा भावाने “ताट झाल्यावर” असा नियम काढला. ती ताट होईपर्यंत थांबली आणि मग सांगितलं. दोन महिन्यांचा गर्भ बोटांना कळायला लागला त्या दिवशी तिने आनंदाने फोन केला होता. वहिनी बसमध्ये होती आणि फोन स्पीकरवर होता.

जाळीपोटाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. गाय निवडून खात नाही. चाऱ्याबरोबर खिळा, तार, सुई जे येईल ते गिळते आणि ते जड सामान जाळीपोटात जाऊन बसतं. तिथून हृदय अगदी जवळ, मधे पातळ पडदा. तार टोचत टोचत हृदयापर्यंत पोचते आणि गाय जाते. यावरचा एक उपाय म्हणजे गाईला लोहचुंबक गिळायला देणं, म्हणजे लोखंड त्याला चिकटून एका जागी राहतं. शहरातल्या गाईंचं दुखणं याहून मोठं, कारण प्लॅस्टिकला चिकटणारं चुंबक अजून निघालेलं नाही. एकदा शहरातल्या एका मोकाट गाईचं कोटीपोट उघडलं तेव्हा पुतणी मदतीला उभी होती. पिशव्यांचा घट्ट गोळा निघाला. इतकी वर्षं पोटात राहूनही काही पिशव्यांवरचे पत्ते वाचता येत होते, त्यातला एक आमच्याच पेठेतला. राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली 2018 साली. गाईपर्यंत पोचायला तिला अजून वेळ आहे.

आता सुट्टीतल्या पुण्याकडे वळू. कारण शिक्षण शिरवळला झालं असलं तरी परीक्षा इथेच होत होती. पुतणी शनिवारी घरी आली की खाली निरोप जायचा आणि रविवारी सकाळी जिन्यात रांग लागायची. पुणेकर डॉक्टरकडे जातो तो निदान घेऊनच जातो, डॉक्टरने फक्त सही करायची असते. “नाक कोरडं पडलंय, ताप आहे,” असं म्हणत एक काकू लॅब्रॅडॉर घेऊन आल्या. पुतणीने तापमान घेतलं, 101.5 फॅरनहाइट. “काकू, कुत्र्याचं एवढं असतंच.” काकूंचा विश्वास बसला नाही. “आमच्या ह्यांना इतका आला तर आम्ही दवाखान्यात नेतो.” दुसऱ्या एकीने मांजराला स्वतःची अर्धी गोळी द्यायचं ठरवलं होतं, ती वेळेत अडवली. “पण अर्धीच देणार होते,” असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

मागच्या वाड्यातल्या आत्यांचा पोपट अंगावरची पिसं उपटत होता. पुतणीने त्याला बघायच्या आधी पिंजरा बघितला आणि अडखळत सांगितलं की आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात पाळणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. आत्या शांतपणे म्हणाल्या, “मी कुठे पाळलाय? तो राहतो.” मग पोपटाला म्हणाल्या, “सांग रे हिला.” पोपट “विठू विठू” म्हणाला. कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात या साक्षीचा विचार केलेला नाही. तरी पुतणीने दर सुट्टीला पिच्छा पुरवून तो पोपट शेवटी वनखात्याकडे पोचवलाच. आत्या तिच्याशी एक दिवाळीभर बोलल्या नाहीत.

वसुबारस हा तिचा सगळ्यात कठीण दिवस. पेठेत गाय उरलेली नाही, त्यामुळे त्या संध्याकाळी कुणीतरी एक सवत्स धेनू देवळापाशी आणून उभी करतो आणि अख्खी पेठ तिला ओवाळून खायला घालते. पुरणपोळी, गूळ, भात, वर पुन्हा गूळ. श्रद्धा निर्मळ असते, कोटीपोटाला मात्र ती कळत नाही. एवढं गोड आणि पिठूळ एकदम आत गेलं की तिथल्या सूक्ष्मजीवांचा तोल जातो, आम्ल वाढतं, गाय चारा सोडते आणि फार झालं तर दगावतेही. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावोगावच्या दवाखान्यांत याच कारणाने बैल येतात. पुतणी देवळापाशी उभी राहून प्रत्येकीला विनवत होती, “काकू, एक घास द्या, बाकी हिरवा चारा घाला.” एक बाई ठसक्यात म्हणाल्या, “आमची पोळी तुपातली आहे.” शेवटी आजी काठी टेकत खाली गेली आणि गाईपुढे खुर्ची टाकून बसली. जी पोळी पुढे यायची ती आजी स्वतः घेऊन मांडीवरच्या डब्यात ठेवायची. गाय वाचली. आम्ही पाच दिवस पुरणपोळ्या खाल्ल्या.

इंटर्नशिपचं वर्ष आलं तशी तिची दोन्ही जगं एकाच आठवड्यात दिसायला लागली. एका रात्री भोर तालुक्यातल्या एका वस्तीवर गाय अडली म्हणून ती वरिष्ठ डॉक्टरांबरोबर गेली. वासराचा एक पाय मागे वळलेला. गोठ्यात चाळीस वॉटचा दिवा आणि अर्धी वस्ती गोळा. सल्ले इथेही येत होते, पण पुण्यातल्या सल्ल्यांहून जातीने निराळे. “मागल्या साली माझी अशीच गेली, तवा दोरी आधी पायाला बांधा,” असं म्हणणाऱ्याने त्याची किंमत मोजलेली असते. दोरी पायाला बांधली, पाय सरळ केला, कळा आल्या तसं चौघांनी ओढलं आणि पहाटे तीनला वासरू खाली आलं. कालवड. मालकाने पुतणीला चहा दिला, त्यात साखर इतकी की चमचा उभा राहावा. मग म्हणाला, “ताई, तुमी शिकाऊ का?” ती हो म्हणाली. “मग पुढच्या टायमाला बी या.”

त्याच आठवड्यात ती पुण्यातल्या एका दवाखान्यात. इथे वातानुकूलित प्रतीक्षागृह आणि त्यात सायबेरियन हस्की, जो जन्मला बर्फासाठी आणि राहतो बाणेरला पश्चिमेकडच्या फ्लॅटमध्ये. केसपेपरवर जनावराच्या नावापुढे मालकाचं आडनाव लिहायची पद्धत. त्यामुळे कम्पाउंडर बाहेर येऊन पुकारतो, “सिंबा देशपांडे! कॉफी कुलकर्णी! लाडू जगताप, तुमचं इंजेक्शन राहिलंय!” आणि लाडू जगतापांना तीन माणसं ढकलत आत नेतात. मालक रोग्याच्या वतीने पहिल्या पुरुषी बोलतात. “आम्ही कालपासून काही खाल्लं नाही. आम्हाला शी पातळ होतेय.” सुरुवातीला पुतणी गोंधळायची की नेमकं कुणाला. मग तिला समजलं की बऱ्याचदा दोघांनाही, कारण दोघं तेच बटर चिकन खाऊन आलेले असतात.

फीपाशी मात्र सगळी माया आटते. “माणसांचे डॉक्टर एवढेच घेतात हो!” हे वाक्य तक्रार म्हणून उच्चारलं जातं. “पिल्लू आहे, हाफ तिकीट लावा.” “तपासलं कुठे, नुसतं बघितलं तर.” एका गृहस्थांनी तीन मांजरांना मिळून एक फी मागितली, कारण ती सख्खी भावंडं होती.

डिग्री झाली, परिषदेत नोंदणी झाली आणि पुढे काय यावर घरात पुन्हा बैठक बसली. भावाने कागदावर रकाने पाडले होते. या विषयात इतक्या वाटा असतात, हे त्यालाही तेव्हाच कळलं. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन पशुधन विकास अधिकारी होता येतं. ‘गट अ’, असं भावाने दोनदा अधोरेखित केलं. दवाखाना कुठेतरी आडगावात, सकाळी लाळ्या-खुरकुताचं लसीकरण, दुपारी शव-विच्छेदन आणि संध्याकाळी बैलगाडा शर्यत. सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या मे महिन्यात शर्यतींना मान्यता कायम केली आणि बैल धावायला योग्य आहे असा दाखला पशुवैद्यकाने द्यायचा असतो. म्हणजे बैल एक, त्याच्यामागे चारशे माणसं आणि समोर सही करणारी एकटी मुलगी. 108 ला फोन केला की माणसांची रुग्णवाहिका येते, तशी 1962 ला फोन केला की जनावरांसाठी फिरतं पथक येतं. त्यातही डॉक्टर लागतात.

उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 साली ‘बाएफ’ उभी केली. गावठी गाईच्या दारात चांगल्या वळूचं बीज पोचवणं हे तिचं काम, तेही उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून, मोटारसायकलला डबा लावून. तिथे जाता येईल. रेसकोर्स आहे. पावसाळ्यात घोडे पुण्यात पळतात आणि त्यांच्या पायांची काळजी आपल्या गुडघ्यांपेक्षा कितीतरी जास्त घेतली जाते. कात्रजचं प्राणिसंग्रहालय आहे, तिथला रोगी झाडाच्या खोडावर पंजा पुसत तुमच्याकडे बघत असतो. आणि लसीचे कारखाने. इथे भावाचा चेहरा पहिल्यांदा उजळला. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटचं मूळ घोड्यांच्या पागेत आहे, हे मी त्याला सांगितलं. पूनावालांचा स्टड फार्म 1946 चा. निवृत्त घोडे ते मुंबईच्या हाफकिन संस्थेला देत आणि तिथे त्यांच्या रक्तापासून धनुर्वाताचं सीरम बनत असे. ते आपणच का बनवू नये, असं सायरस पूनावालांच्या मनात आलं आणि 1966 साली कंपनी निघाली. पुढे करोनात साऱ्या जगाला दंडात टोचून घ्यायला तिच्या कुप्या लागल्या. “म्हणजे घोड्यापासून,” भाऊ म्हणाला. त्या रकान्यापुढे त्याने चांदणी काढली.

वहिनीचा रकाना वेगळा होता. स्थळ बघायला पाहुणे आले. मुलाच्या आईने विचारलं, “डॉक्टर म्हणजे एमडी वगैरे?” वहिनीने आवंढा गिळून सांगितलं. मुलाच्या आई काही क्षण थांबल्या, मग मोबाइल काढून पुतणीशेजारी जाऊन बसल्या. त्यांच्या पॉमेरेनियनच्या पाठीवर खरजेसारखं काहीतरी झालं होतं. पुढचा पाऊण तास मुलगा माझ्याशी हवामानावर बोलला. पत्रिका जुळली नाही असा चार दिवसांनी निरोप आला, आणि त्याच फोनवर मलम किती दिवस लावायचं असंही विचारलं. पॉमेरेनियन बरं झालं.

ती आता सकाळी एका दवाखान्यात काम करते आणि संध्याकाळी आयोगाचा अभ्यास. तिच्याकडे बघायची पेठेची नजर बदलली ती एका कुत्र्यामुळे.

आप्पा रात्री कचरा टाकायला गेले आणि गल्लीतल्या तांबड्या कुत्र्याच्या शेपटीवर त्यांचा पाय पडला. कुत्रा पोटरीला चावला. दोन मिनिटांत जिन्याखाली वैद्यकपरिषद भरली. एकाने हळद सुचवली, दुसऱ्याने चुना, तिसरा मिरचीपूड आणायला धावला. पुतणी खाली आली, तिने सगळ्यांना बाजूला केलं आणि आप्पांचा पाय नळाखाली धरून साबणाने धुवायला सुरुवात केली. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. “पुसू का आता?” “नाही.” “पाणी वाया जातंय.” “जाऊ दे.” आप्पांना आयुष्यात कुणी असं उत्तर दिलं नव्हतं. मग ती कुत्र्याकडे गेली, उकिडवी बसून लांबूनच त्याचा कान बघितला. कानाचा कोपरा कापलेला होता, म्हणजे नसबंदी होऊन तेव्हा रेबीजची लस टोचून त्याला त्याच्या गल्लीत परत सोडलेलं. “पण ती कधी टोचली ते माहीत नाही. तेव्हा आप्पा, आत्ता इंजेक्शन घ्यायला जायचं. वाट बघायची नाही.”

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लस टोचली, पुढच्या तारखा दिल्या आणि विचारलं, “कुत्रा कसा आहे?” आप्पा चमकले. चावला मला आणि चौकशी त्याची? घरी आल्यावर पुतणीने उलगडा केला. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत उतरतो तो त्याचा शेवट जवळ आल्यावरच. चावल्यापासून दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. “म्हणजे दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायचं. तो ठीक, तर तुम्ही ठीक. तुमची इंजेक्शनं मात्र चुकवायची नाहीत.”

पुढचे दहा दिवस आमच्या गल्लीने पाहिलेले सर्वात प्रेमळ दिवस होते. आप्पा पहाटे उठून आधी कुत्रा बघायचे, मग देव. त्याने भाकरी खाल्ली का, पाणी प्यायला का, ओळख देतो का, याची नोंद वहीत. दुपारी तो सावलीत आडवा दिसला की आप्पांच्या छातीत धस्स व्हायचं, काठीने दुरून ढोसून तो उठतो का बघायचे आणि झोपमोड झालेला कुत्रा त्यांच्याकडे तुच्छतेने बघायचा. कुत्रा शेजारच्या गल्लीत गेला तर दोन पोरं मागावर जायची. सकाळी दूध, संध्याकाळी ग्लुकोज बिस्किटं. भांडण होऊ नये म्हणून बाकीच्या कुत्र्यांनाही बिस्किटं. साऱ्या आयुष्यात आप्पांनी स्वतःच्या बायकोची तब्येत इतक्यांदा विचारली नव्हती, असं काकूंनी नोंदवून ठेवलं.

दहा दिवस पार पडले, कुत्रा ठणठणीत. अकराव्या रात्री आप्पांनी आमचं दार वाजवलं. कुत्र्याला जुलाब होत होते. धोका टळला होता, आप्पांना ते माहीत होतं, तरी ते घाबरलेले होते. पुतणी खाली गेली, कुत्र्याचं पोट चाचपलं, हिरड्या बघितल्या. “आप्पा, दूध बंद करा. मोठ्या कुत्र्यांना ते बऱ्याचदा पचत नाही. दोन दिवस दहीभात. आणि बिस्किटंही बास, वजन बघा त्याचं.” मग औषध लिहायला कागद काढला.

“फी?” आप्पांनी विचारलं. ती नको म्हणाली. आप्पांनी हट्टाने विचारलं, तिने आकडा सांगितला आणि त्यांनी तो घासाघीस न करता दिला. पाहणारे चार जण होते म्हणून हे कुणी खोटं म्हणू शकणार नाही. पावती मात्र मागितली. रुग्णाच्या नावाच्या रकान्यात पुतणी थांबली, कारण त्या कुत्र्याला सगळे ‘ए’ एवढंच म्हणायचे.

“तांब्या लिही,” आप्पा म्हणाले.

“आडनाव?”

आप्पांनी इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, “आमचंच लाव. पण काकूला दाखवू नकोस.”